एअरबीएनबीवर बंदी की परमिट? आधी विचारा, तपासणार कोण

प्रश्न थोडक्यात असा आहे. डॅलसच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात राहणाऱ्या मराठी गृहस्थांची तिथल्या प्लॅनिंग अँड झोनिंग कमिशनवर (कुठली जागा कशासाठी वापरायची याबद्दल शहराला शिफारस करणाऱ्या समितीवर) नेमणूक झाली आहे. लवकरच एअरबीएनबी, व्हर्बो वगैरे साइट्सवरून थोड्या दिवसांसाठी भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांबद्दल जाहीर सुनावणी आहे. शहराच्या स्टाफने तीन मसुदे पुढे ठेवलेत: निवासी भागात सरसकट बंदी, मालक स्वतः त्या घरात राहत असेल तरच परवानगी, किंवा सगळ्यांना परमिट, पण अटींसह. कुठला उचलून धरावा? आणि ओक्लाहोमातल्या ब्रोकन बोजवळ मित्रांबरोबर भागीदारीत घेतलेली एक केबिन त्यांच्या नावावर आहे, तर त्यांनी मत द्यावं की नाही?

मी अमेरिकेतल्या शहरांच्या नियोजन खात्यांत बरीच वर्षं काढली आणि आता लहान शहरांना असे ऑर्डिनन्स (शहराचे स्थानिक कायदे) लिहायला मदत करतो. वकील नाही, त्यामुळे खाली निकालांबद्दल जे लिहिलंय ते तुमच्या सिटी अ‍ॅटर्नीकडून (शहराच्या वकिलाकडून) पडताळून घ्या. माझं मत तिसऱ्या मसुद्याला आहे. मात्र तो मसुदा बहुतेक शहरांत जसा लिहिला जातो तसा लिहिला, तर तो पहिल्या दोघांइतकाच निरुपयोगी ठरतो.

सुनावणीत सगळा वेळ एकाच गोष्टीवर जाईल: नियम किती कडक असावा. शेजारी म्हणतील बंद करा, मालक म्हणतील आमची मालमत्ता आहे. नियम मोडला गेला हे शहराला कळणार कसं, हे मात्र कुणीही विचारणार नाही. ते तुम्ही विचारा.

लंडनचं उदाहरण घ्या. तिथे २०१५ च्या कायद्याने लोकांना आपलं घर वर्षातून ९० रात्रींपर्यंत अल्पमुदतीने भाड्याने द्यायची मोकळीक मिळाली; त्याआधी त्यासाठी नियोजन परवानगी लागायची. ९० चा आकडा ऐकायला नेमका वाटतो. पण नोंदणीची सक्ती केलीच नाही. कोणतं घर किती रात्री दिलं गेलं, याची यादी स्थानिक कौन्सिलकडे कुठून येणार? एअरबीएनबीने २०१७ पासून स्वतःहून ९० रात्रींनंतर लिस्टिंग बंद करायला सुरुवात केली, तर मालक दुसऱ्या साइटवर गेला की मोजणी पुन्हा शून्यावर. एकेका फ्लॅटबद्दल पुरावा गोळा करत अधिकाऱ्यांचे महिनोन् महिने जातात. अ‍ॅमस्टरडॅमची मर्यादा २०१९ पासून त्याहून कडक, ३० रात्रींची झाली. पण तिथे आधी नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो, तो जाहिरातीत छापावा लागतो आणि प्रत्येक वेळी पाहुणा येण्याआधी पालिकेला कळवावं लागतं. तिथली मर्यादा चालते ती ३० चा आकडा लहान आहे म्हणून नाही, मोजायची सोय आहे म्हणून.

आता तुमच्या टेक्सासकडे येऊ. या विषयावर राज्याचा स्वतंत्र, सर्वंकष कायदा नाही, त्यामुळे बरंचसं कोर्टांनी ठरवलंय. फ्लोरिडासारखं तुमच्याकडे नाही. तिथे २०११ पासून राज्याने शहरांचे हातच बांधले: १ जून २०११ च्या आधीचे नियम असतील ते राहू देत, नव्याने बंदी घालायची नाही, किती दिवसांसाठी किंवा किती वेळा द्यायचं हेही ठरवायचं नाही. अ‍ॅरिझोनाने २०१६ मध्ये तेच केलं, सेडोनासारख्या पर्यटनाच्या गावांनी आरडाओरडा केल्यावर २०२२ मध्ये परवान्यापुरते अधिकार परत दिले. तुमच्या विधिमंडळातही असे प्रस्ताव येत असतात. म्हणून मसुदा लिहिताना उद्या राज्याने हात घातला तर यातलं काय उरेल, हाही विचार ठेवा. बंदी पहिली जाते, परमिट आणि सुरक्षेचे नियम सहसा उरतात.

पहिला मसुदा, सरसकट बंदी. ऑस्टिनने २०१६ मध्ये, मालक राहत नाही अशा घरांना निवासी भागातून २०२२ पर्यंत हद्दपार करायचं ठरवलं. २०१९ मध्ये राज्याच्या तिसऱ्या अपील कोर्टाने ते रद्द केलं. कारण काय, तर ही घरं शहराच्याच परवान्याने चालत होती, लोकांनी त्या भरवशावर पैसे घातले होते, आणि तो हक्क मागे जाऊन काढून घेणं राज्यघटनेत बसत नाही. याच निकालात, अशा घरात किती जणांनी कधी जमायचं यावरचे निर्बंधही उडाले. डॅलसने जून २०२३ मध्ये एकल कुटुंबांच्या वस्त्यांतून ही घरं काढायचं मंजूर केलं. डिसेंबरात जिल्हा न्यायाधीशांनी अंमलबजावणी थांबवली आणि अपिलातही ती मनाई टिकली. दुसरीकडे आर्लिंग्टनने २०१९ मध्ये स्टेडियमच्या करमणूक परिसराभोवती एक पट्टा आखला, त्यात आणि काही ठरावीक झोनमध्ये परवानगी, बाकी निवासी भागात नाही. त्याला स्थगिती द्यायला फोर्ट वर्थच्या अपील कोर्टाने २०२१ मध्ये नकार दिला. म्हणजे एकाच महानगरात, तासाभराच्या अंतरावर, दोन कोर्टांचा कल वेगळा. तुमचं शहर डॅलसच्या अपील कोर्टाच्या हद्दीत येत असेल, तर बंदीला हात वर करण्याआधी वकिलांचा खर्च बजेटमध्ये कुठे आहे ते विचारा.

यातून निघणारा एक उपाय फारसा कुणी सांगत नाही. जे काही करायचं ते झोनिंगच्या संहितेत घालू नका, व्यवसाय परवान्याच्या प्रकरणात घाला. झोनिंगचा हक्क जमिनीला चिकटतो. आज एखाद्या घराला तो वापर कायदेशीर म्हणून मिळाला की उद्या नियम बदलला तरी जुना वापर चालू ठेवायचा दावा होतो, घर विकलं तर तो दावा नव्या मालकाकडे जातो. परमिट माणसाला मिळतं, वर्षाचं असतं, घर विकलं की संपतं. पुढच्या वर्षी अटी बदलल्या तर नूतनीकरण नव्या अटींवर होतं. ऑस्टिननेही एवढी कोर्टबाजी झाल्यावर २०२५ मध्ये हा विषय जमीनवापराच्या नियमांतून काढून व्यवसायाच्या नियमांत हलवला. तुम्ही झोनिंग कमिशनवर आहात, त्यामुळे ‘हे आमच्याकडे यायलाच नको’ असं सांगणारी शिफारसही तुम्ही करू शकता. स्टाफला ती आवडणार नाही.

दुसरा मसुदा, मालक तिथे राहत असेल तरच. हा सगळ्यांना शहाणपणाचा वाटतो. आपला माणूस आपल्या घरात पाहुणा ठेवतो, त्यात वाईट काय? न्यू ऑर्लिन्सने हेच केलं होतं: निवासी भागात परवाना हवा तर ते तुमचं मुख्य निवासस्थान असल्याचा पुरावा द्या. २०२२ मध्ये फेडरल पाचव्या सर्किट कोर्टाने ती अट घटनाबाह्य ठरवली, कारण ती बाहेरच्या राज्यातल्या मालकाला बाजारातून सरळ बाहेर ठेवते. हे कोर्ट लुइझियाना, मिसिसिपी आणि टेक्सासचं आहे. म्हणजे निकाल तुम्हाला थेट लागू. याच्या आसपास जायची एक वाट आहे: मालक कोण आणि कुठला हे न विचारता, मुक्कामाच्या काळात कुणीतरी जबाबदार प्रौढ व्यक्ती त्या जागेत राहायलाच हवी, असं म्हणणं. ती भाडेकरू असेल, व्यवस्थापक असेल. ही वाट पूर्ण सुरक्षित आहे असं मी म्हणणार नाही, पण सिटी अ‍ॅटर्नीला विचारण्याजोगी आहे.

तर मग परमिट. यात माझ्या दृष्टीने जीव कशात आहे, तर क्रमांकात. प्रत्येक परमिटला क्रमांक, तो प्रत्येक जाहिरातीत ठळक, आणि क्रमांक नसलेल्या घराचं बुकिंग प्लॅटफॉर्मने घ्यायचं नाही. हे तिसरं वाक्य बहुतेक मसुद्यांत नसतं. ते नसेल तर नोंदणी करणारे गरीब बिचारे प्रामाणिक तेवढे पुढे येतात, फी भरतात, तपासणी करून घेतात. आणि ज्यांच्यामुळे हा सगळा खटाटोप सुरू झाला ते शांतपणे धंदा करत राहतात.

सॅन फ्रान्सिस्कोत नेमकं हेच झालं होतं. नोंदणी सक्तीची होती, बहुतेक होस्ट ती करतच नव्हते. २०१७ मध्ये शहर आणि कंपन्या यांच्यात तडजोड झाली, नोंदणी न झालेली घरं काढायचं ठरलं, आणि २०१८ च्या सुरुवातीला लिस्टिंग जवळपास निम्म्यावर आल्या. नियम तेच होते. पॅरिसमध्ये क्रमांकाची सक्ती २०१७ च्या शेवटापासून होती, आणि क्रमांक नसलेल्या हजारावर जाहिराती दाखवल्याबद्दल २०२१ मध्ये कोर्टाने एअरबीएनबीला ८० लाख युरोंहून जास्त दंड केला. दंड होस्टला नाही, कंपनीला, हे लक्षात घ्या. न्यूयॉर्कचा कायदा सप्टेंबर २०२३ पासून अमलात आला. तिथे होस्टने हजर राहायचं, पाहुणे दोनच, आणि प्रत्येक व्यवहाराआधी प्लॅटफॉर्मने शहराच्या यंत्रणेत क्रमांक तपासायचा. अल्पमुदतीच्या लिस्टिंग पाहता पाहता बहुतांशी नाहीशा झाल्या, बऱ्याच ३० दिवसांच्या पुढच्या मुक्कामाकडे वळल्या. घरभाडी त्यामुळे उतरली असं मात्र मी कुणाला सांगणार नाही.

कंपन्यांचे वकील सुनावणीत एक हुकमी मुद्दा मांडतील: १९९६ च्या फेडरल कायद्याचं कलम २३०. दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराबद्दल वेबसाइटला जबाबदार धरता येत नाही, असं ते सांगतं. सांता मोनिकाच्या खटल्यात २०१९ मध्ये नवव्या सर्किटच्या फेडरल अपील कोर्टाने याचं उत्तर दिलंय. जाहिरात ठेवा नाहीतर काढा, शहर त्याबद्दल काहीच म्हणत नाही. पण नोंदणी नसलेल्या घराचं बुकिंग करून त्यावर कमिशन घेणं हा तुमचा स्वतःचा व्यवहार आहे, तो मजकूर नव्हे. टेक्सासला हा निकाल बांधील नाही. तरी मसुद्याची भाषा त्याच साच्यातली ठेवा: ‘जाहिरात प्रसिद्ध करू नये’ असं कुठेही लिहू नका, ‘बुकिंग पूर्ण करू नये आणि त्याचं शुल्क घेऊ नये’ असं लिहा. या एका क्रियापदावर खटले फिरलेत.

आपल्याकडची गंमत बघा. भारतात जीएसटी नोंदणीची गरज नसलेल्या छोट्या घरमालकाने प्लॅटफॉर्मवरून खोली दिली तर कर प्लॅटफॉर्मने भरायचा, हे कलम ९(५) खाली २०१७ पासून आहे. गोव्यात पर्यटकांना राहायला जागा देणाऱ्यांनी पर्यटन खात्याकडे नोंदणी करायची, हा कायदा तर १९८२ चा. म्हणजे एकीकडे कराची जबाबदारी कंपनीवर आहे, दुसरीकडे नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे, पण ‘नोंदणी नसेल तर बुकिंग घेऊ नका’ असं दोन्ही जोडणारं वाक्य असल्याशिवाय भागत नाही. त्यातून गावच्या पंचायतीकडे उरते ती घरपट्टी, कचरा आणि रात्री दोन वाजता येणारा शेजाऱ्याचा फोन. त्याच किनाऱ्यावरचा एक नियम मात्र मला मनापासून आवडतो. सीआरझेडच्या (किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या) अधिसूचनेत कोळी आणि इतर स्थानिकांना आपल्या घरात होमस्टे चालवायची मुभा आहे, अट एवढीच की जोत्याचं क्षेत्रफळ, घराची रचना आणि दर्शनी भाग बदलायचा नाही. कुणीही बाहेरून उभं राहून तपासू शकेल असा नियम आहे हा.

प्रत्यक्ष परमिटच्या अटींकडे. शेजाऱ्यांच्या तक्रारी वाचल्यात तर चारच विषय वारंवार येतील: आवाज, गाड्या, कचरा आणि पार्टी. त्यामुळे पाहुण्यांची संख्या (बेडरूममागे दोन अधिक दोन, असा हिशेब बऱ्याच शहरांत चालतो), ड्राइव्हवेत किती गाड्या, कचऱ्याचे डबे कधी बाहेर, हे लिहा. सगळ्यात उपयोगी अट म्हणजे स्थानिक संपर्क: चोवीस तास फोन उचलणारी, तासाभरात दारात पोचू शकणारी व्यक्ती, आणि तिचा नंबर शेजारच्या घरांना पाठवलेला. मालक कॅलिफोर्नियात बसलेला असो नाहीतर पुढच्या गल्लीत, ही अट दोघांना सारखीच लागू होते, म्हणून न्यू ऑर्लिन्सच्या निकालाचा अडथळा इथे येत नाही. स्मोक अलार्म, कार्बन मोनॉक्साइड अलार्म, प्रत्येक बेडरूमला आगीत बाहेर पडता येईल एवढी खिडकी, तरण तलावाला कुंपण, हे वर्षातून एकदा तपासा. गॅरेजची बेडरूम केलेली तुम्हाला अशाच तपासणीत सापडेल.

‘तीन तक्रारी झाल्या की परमिट रद्द’ असं लिहू देऊ नका. तक्रार म्हणजे गुन्हा नव्हे. एका कॉलनीत ज्या शेजाऱ्याला ते घर मुळातच नको होतं, त्याने दर शनिवारी पोलिसांना फोन करायचा सपाटा लावला होता. पोलीस यायचे, काही सापडायचं नाही, नोंद मात्र व्हायची. मोजायचं ते शाबीत झालेलं उल्लंघन, तेही ठरावीक काळातलं, उदाहरणार्थ बारा महिन्यांतलं, आणि रद्द करण्याआधी अपिलाची सोय हवी. तसंच ‘अधिकाऱ्याने मागितली की पाहुण्यांची नोंदवही तत्काळ दाखवावी’ हे वाक्य मसुद्यात असेल तर ते काढा. २०१५ मध्ये लॉस एंजेलिसच्या हॉटेलांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असं कलम रद्द केलंय. आधी तटस्थ व्यक्तीकडे दाद मागायची संधी द्यावी लागते. न्यूयॉर्कने सर्व होस्टचा तपशील दर महिन्याला मागणारा कायदा केला होता, तोही २०१९ मध्ये फेडरल न्यायाधीशांनी याच धर्तीवर थांबवला. दुसऱ्या शहराच्या ऑर्डिनन्समधून उतरवून घेताना अशी मेलेली कलमं जशीच्या तशी येतात.

पैशांचं. टेक्सासात ३० दिवसांच्या आतल्या मुक्कामावर राज्याचा ६ टक्के हॉटेल कर आहे, शहराचा साधारणपणे ७ टक्क्यांपर्यंत. कौन्सिलमधला कुणीतरी म्हणेल, त्या करातूनच तपासनीस नेमू. नाही होणार. शहराचा हॉटेल कर राज्याच्या कायद्याने पर्यटन आणि परिषदा वाढवण्याच्या ठरावीक कामांनाच वापरता येतो, कोड एन्फोर्समेंटचे, म्हणजे शहराचे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या खात्याचे, पगार त्यात बसत नाहीत. ते परमिटच्या फीमधून यायला हवेत, आणि फी खर्चाच्या प्रमाणात ठेवायला हवी, नाहीतर तो छुपा कर ठरतो. म्हणून आधी खर्च मांडा: किती घरं, किती तपासण्या, जाहिराती शोधणारं सॉफ्टवेअर, शनिवार-रविवार रात्री फोन घेणारा माणूस. हा शेवटचा सगळे विसरतात. कोड एन्फोर्समेंटचं ऑफिस सोमवार ते शुक्रवार, आणि पार्टी शुक्रवारी रात्री. आणखी एक, प्लॅटफॉर्म कर गोळा करून एकरकमी भरतो तेव्हा त्यासोबत पत्त्यांची यादी येईलच असं नाही. करार करायचाच असेल तर यादीसकट करा.

घरांच्या किमतींचा मुद्दा सुनावणीत जोरात येईल. तो खरा आहे, पण तुमच्या उपनगरात तो जपून वापरा. अमेरिकाभरच्या आकड्यांवरचा बॅरन, कुंग आणि प्रोसेर्पिओ यांचा २०२१ चा अभ्यास सांगतो की लिस्टिंग १ टक्का वाढल्या तर घरभाडं ०.०१८ टक्के आणि घराची किंमत ०.०२६ टक्के वाढते. लिस्टिंग दरवर्षी झपाट्याने वाढत असतील तर हा परिणाम साचत जातो. बार्सिलोनाच्या महापौरांनी २०२४ मध्ये १०,१०१ पर्यटक फ्लॅटचे परवाने २०२८ पर्यंत संपवायचं जाहीर केलं, तिथे तो मुद्दा आहेच. पण तुमच्या शहरात हजारो घरांमागे अशी शे-दीडशे घरं असतील, तर परवडणाऱ्या घरांचा प्रश्न त्यांनी निर्माण केलेला नाही. तो निर्माण केला आहे तुमच्याच कमिशनने मोठ्या प्लॉटचा आग्रह धरून. हे वाक्य सुनावणीत बोलू नका, पण विसरूही नका.

एचओए, म्हणजे कॉलनीतल्या घरमालकांची संघटना, तिच्याबद्दल एवढंच. शेजारी सांगतील, आमच्या नियमांत ‘फक्त निवासी वापर’ लिहिलंय, म्हणजे एअरबीएनबी आपोआप बंद. २०१८ मध्ये टिंबरवुड पार्कच्या खटल्यात टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने तसं मानलं नाही. पाहुणा तिथे राहतो, झोपतो, तो निवासी वापरच. एचओएला हवं असेल तर त्यांनी आपल्या नियमांत स्पष्ट दुरुस्ती करून घ्यावी. शहराने त्यांचं काम अंगावर घेऊ नये.

राहिली तुमची केबिन. तुम्ही जाता त्या भागातलं होचाटाउन हे गाव बघा: भाड्याच्या केबिनींच्या जोरावर उभं राहिलेलं, आणि २०२२ मध्ये लोकांनी मतदान करून त्याचं रीतसर शहर केलं, पर्यटकांकडून येणारा कर आपल्याकडे राहावा हे त्यामागचं एक मोठं कारण. तिथे हे घर म्हणजे गावाचं उत्पन्न, तुमच्या कॉलनीत तेच घर म्हणजे उपद्रव. त्यामुळे तिथला अनुभव इथे लावू नका. मतदानाचं म्हणाल तर टेक्सासच्या स्थानिक शासन संहितेच्या १७१ व्या प्रकरणात हितसंबंधांचे नियम आहेत. ज्या मालमत्तेवर निर्णयाचा खास, इतरांहून वेगळा आर्थिक परिणाम होतो, तिथे शपथपत्र देऊन बाजूला व्हावं लागतं. दुसऱ्या राज्यातल्या केबिनीवर तुमच्या शहराच्या ऑर्डिनन्सचा असा परिणाम होईल असं मला वाटत नाही. पण भागीदारांपैकी कुणाचं तुमच्याच शहरात भाड्याचं घर असेल आणि तेही तुमच्या याच भागीदारीच्या नावावर असेल, तर चित्र बदलतं. सिटी अ‍ॅटर्नीला ईमेलने विचारा, लेखी उत्तर घ्या, आणि सुनावणी सुरू होताच, कुणी विचारण्याआधी, माइकवर सांगून टाका. शेजारच्या बाकावरचा कुणीतरी तुमचं नाव ओक्लाहोमाच्या मालमत्ता नोंदींत शोधून आलेला असतोच.